फवारणी करताना अंगावर काय घालावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठीवरच्या पंपाने कपाशी, तूर, सोयाबीन, भाजीपाला किंवा फळबागेत फवारणी करणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. स्वतःच्या शेतात फवारणारे आणि दुसऱ्याच्या शेतात पंपामागे पैसे घेऊन फवारणारे, दोघांसाठी.

तोंडाला दुपट्टा बांधतो. तेवढं पुरत नाही का?

नाही. उलट दुपट्ट्यामुळे काळजी घेतल्यासारखं वाटतं आणि बाकीचं अंग उघडं राहतं. सुती कापड फवाऱ्याचे मोठे थेंब काही वेळ अडवतं, वाफ अजिबात अडवत नाही. अर्ध्या तासात दुपट्टा ओला होतो आणि तेच ओलं कापड तुम्ही नाकातोंडाला घट्ट धरून ठेवलेलं असतं. मधेच त्याच दुपट्ट्याने कपाळाचा घाम पुसला की औषध डोळ्यांपर्यंत पोचलंच.

फवारणीत औषध नाकापेक्षा कातडीतून जास्त जातं. साधनं निवडताना हा मुद्दा धरून चाला.

जखम नसेल तरी कातडीतून जातं?

जातं. पानावरचा आणि किडीच्या अंगावरचा मेणचट थर भेदून आत शिरावं म्हणूनच ही औषधं तयार केलेली असतात. ज्या बाटल्यांवर ‘ईसी’ लिहिलेलं असतं त्यांतलं औषध तेलासारख्या द्रावकात विरघळवलेलं असतं. असं औषध तेलकट कातडीत सहज मुरतं.

शरीराची सगळी कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या जुन्या चाचण्यांत हाताच्या कोपराखालच्या भागाशी तुलना केली होती. त्या भागापेक्षा डोक्याची त्वचा साधारण पावणेचार पट, कपाळ चार पट, कानाची आतली बाजू पाच पट आणि अंडकोषाची त्वचा अकरा-बारा पट शोषून घेते, असं त्यांत दिसलं. म्हणून कमरेखालचे ओले कपडे सगळ्यात धोकादायक. आणि हात न धुता लघवीला जाण्याची सवयही तितकीच वाईट.

खर्ऱ्याचंही (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचंही) तसंच. औषध लागलेल्या हाताने पन्नी काढायची, तळहातावर घोटायचं आणि बार भरायचा, म्हणजे औषध थेट तोंडात जातं. बिडीचं टोक, पाण्याच्या बाटलीचं बूच, मोबाईल, सगळ्यांतून तेच होतं. फवारणी संपून हात साबणाने धुईपर्यंत हे सगळं धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ठेवा.

पैसे मोजकेच आहेत. आधी काय घ्यावं?

क्रम असा ठेवा. पहिले नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) लांब हातमोजे. दुसरा पुढून गुडघ्याखालपर्यंत येणारा, पाणी न झिरपणारा अॅप्रन. तिसरे गमबूट. चौथा बाजूनेही बंद असलेला चष्मा. मास्क पाचवा, आणि तोही बरोबर जातीचा असेल तरच. बहुतेक लोक नेमका उलट क्रम लावतात: मास्क आधी आणि हातमोजे ‘काम सुधरत नाही’ म्हणून कधीच नाही.

अॅप्रन विकतच आणला पाहिजे असं नाही. जाड पॉलिथिनच्या ताडपत्रीचा तुकडा कमरेला आणि मानेला दोरीने बांधला तरी चालतो. मागची बाजू उघडी राहते, त्यामुळे उकडतंही कमी. मात्र औषधाच्या रिकाम्या पिशव्यांपासून काहीही शिवू नका.

लांब बाह्यांचा जाड सुती शर्ट, फुलपॅन्ट आणि टोपी घरात असतेच. ती घालायला वेगळा खर्च नाही. लुंगी किंवा हाफ पॅन्टवर फवारणी करणं मात्र कोणत्याही औषधाला चालत नाही.

हातमोजे कोणते घ्यावेत? दवाखान्यातले पातळ मोजे चालतील?

दवाखान्यातले लॅटेक्सचे मोजे चालणार नाहीत. ईसी औषधातला द्रावक पातळ लॅटेक्समधून लवकर आरपार जातो. बाहेरून मोजा धड दिसतो, आत हाताला घाम सुटलेला असतो आणि त्या घामात औषध मिसळलेलं असतं. मोजा न घालण्यापेक्षा ही अवस्था वाईट, कारण हात धुवायचं तुमच्या मनातही येत नाही.

घ्यायचे ते नायट्राइलचे, साधारण ०.४ मिलिमीटर जाडीचे, निदान ३० सेंटिमीटर लांब, म्हणजे कोपराखालच्या अर्ध्या भागापर्यंत येणारे. आत कापडी अस्तर नको. अस्तरात एकदा औषध शिरलं की ते धुऊन निघत नाही आणि पुढच्या प्रत्येक वेळी हाताला लागत राहतं. कातडी किंवा विणलेले सुती मोजे याच कारणाने बाद. पाकिटावर आयएसओ १८८८९ हे मानक आणि ‘जी२’ ही खूण असेल तर तो मोजा मूळ औषध हाताळायलाही योग्य आहे. ‘जी१’ फक्त पाण्यात मिसळलेल्या, कमी धोक्याच्या द्रावणापुरता.

मापही पाहा. मोठा मोजा असला की नोझल खोलायला जमत नाही, मग माणूस मोजा काढून काम करतो आणि मोजा परत चढवताना आत औषध घेऊन जातो.

रोज सकाळी तपासणी करा. मोज्याचं मनगटाकडचं तोंड पिळून हवा आत कोंडा आणि बोटं बादलीतल्या पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की मोजा संपला. तोंडाने फुगवून पाहू नका.

शर्टाची बाही मोज्याच्या आत की बाहेर?

फवारा खाली मारत असाल, म्हणजे पीक कमरेखाली असेल, तर बाही मोज्यावरून बाहेर. हात खाली असतो, थेंब बाहीवरून मोज्यावर ओघळतात आणि खाली पडतात. हात वर करून फवारत असाल, म्हणजे संत्रा, आंबा किंवा डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी (कपाशी) असेल, तर मोजा बाहीवरून चढवा आणि मोज्याची कड बाहेर दुमडून एक वळी करा. ओघळ त्या वळीत अडतो, कोपरापर्यंत जात नाही.

पॅन्ट आणि गमबुटाच्या बाबतीत पर्याय नाही. पॅन्ट नेहमी बुटाच्या बाहेर. आत खोचली तर बूट नरसाळ्यासारखा भरतो.

मिसळताना वेगळी काळजी कशाला? काम तर दोन मिनिटांचं असतं.

हिशोब करून पाहा. १० लिटर पाण्याला २० मिली ही मात्रा असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली औषध पडतं. म्हणजे औषध ५०० पट पातळ होतं. बाटलीतलं १ मिली हातावर सांडलं तर ते अर्धा लिटर फवारा हातावर ओतल्यासारखं आहे. आणि एकराला २०० लिटर पाणी धरलं तर असे तेरा-चौदा पंप भरायचे, प्रत्येक वेळी बाटली उघडायची. दिवसभराच्या फवाऱ्यापेक्षा ही तेरा-चौदा वेळची दोन-दोन मिनिटं जास्त महागात पडतात.

म्हणून मोजे, चष्मा आणि अॅप्रन मिसळण्याआधी अंगावर चढलेले हवेत. बाटलीचं सील दाताने किंवा खिळ्याने नको, चाकूने काढा. मापाला त्याच कामाचा वेगळा मापाचा कप ठेवा. बुचाने अंदाजे ओतू नका. बाटली डोळ्यांच्या उंचीखाली धरून ओता आणि वाऱ्याकडे पाठ किंवा बाजू करून उभे राहा, म्हणजे उडालेला थेंब तोंडावर येणार नाही. भुकटी असेल तर हे विशेष पाळा.

पंपात आधी अर्धं पाणी, मग औषध, मग उरलेलं पाणी. ढवळायला काठी. हात घालून ढवळणारे अजूनही दिसतात आणि मोजा असला तरी ते चुकीचंच, कारण ड्रममध्ये हात कोपराच्या वर बुडतो आणि द्रावण मोज्याच्या तोंडातून आत येतं.

तीन-चार औषधांची खिचडी करू नका. दोन कीटकनाशकं एकमेकांचा विषारीपणा वाढवू शकतात आणि विषबाधा झाल्यावर नेमका कशावर उपचार करायचा हे डॉक्टरांना कळणं अवघड होतं. लेबलवर किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत असेल तेवढंच मिश्रण करा.

मास्क कोणता? कोरोनातला एन-९५ उरला आहे, तो वापरू का?

एन-९५ धूळ, भुकटी आणि बारीक थेंब अडवतो. वाफ आणि वास अडवत नाही. त्यातल्या ‘एन’चा अर्थच असा की तेलकट कणांसमोर तो टिकेल याची हमी नाही. दाणेदार औषध टाकताना किंवा भुकटी मिसळताना तो चालेल. ईसी औषधाला, विशेषतः उग्र वासाच्या, तो पुरत नाही. कापडी आणि तीन पदरी निळा मास्क यांचा विचारच नको.

वाफेसाठी अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क लागतो, त्याला दोन बाजूंना फिल्टरच्या डब्या असतात. डबीवर ‘ए१पी२’ किंवा ‘ए२पी२’ लिहिलेलं पाहा. ‘ए’ म्हणजे सेंद्रिय वाफेसाठी, त्याचा पट्टा तपकिरी असतो. ‘पी’ म्हणजे कणांसाठी, त्याचा पट्टा पांढरा. फवारणीला दोन्ही हवेत.

घातल्यावर दोन्ही डब्यांची तोंडं तळहातांनी झाका आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून आत ओढला गेला आणि तसाच राहिला तर बसवणी बरोबर. कडेने हवा शिरली तर पट्टे पुन्हा आवळा. दाढीवर मास्क बसत नाही. दोन दिवसांचे खुंटही फट ठेवतात.

आत औषधाचा वास येऊ लागला की डबी संपली. श्वास घ्यायला जड जाऊ लागलं तर कणांचा फिल्टर भरला. वापर नसताना डब्या घट्ट बंद पिशवीत ठेवा. खुंटीला उघड्या टांगलेल्या डबीतला कोळसा हवेतली वाफ आणि ओलावा शोषत राहतो आणि न वापरताच निकामी होतो.

चष्म्यावर धुकं येतं, मग काढावा लागतो. उपाय?

धुकं बहुतेक वेळा मास्क नाकाशी नीट न बसल्यामुळे येतं, श्वास वर चष्म्यात जातो. आधी ते दुरुस्त करा. चष्मा आडव्या झाकलेल्या छिद्रांचा घ्या, म्हणजे हवा खेळते पण थेंब सरळ आत येत नाही. काचेच्या आतल्या बाजूला साबणाचा किंचित थर बोटाने लावून कोरड्या मऊ कापडाने पुसला तर तासाभरापुरतं धुकं थांबतं. तेही जमत नसेल तर चेहऱ्यावर पूर्ण पारदर्शक ढाल वापरा. ती हवेशीर असते. मात्र फवारा खालून आत येऊ शकतो, म्हणून उंच पिकात ती चष्म्याची बरोबरी करत नाही.

उन्हाचा गॉगल डोळे वाचवत नाही. त्याच्या कडा उघड्या असतात.

पाठ भिजते, त्याचं काय करायचं?

पाठ भिजली म्हणजे पंप गळतो आहे. हा अंगावरच्या कपड्यांचा दोष नाही आणि त्यावर कपडे वाढवून उपायही होत नाही.

औषध भरण्याआधी पंपात साधं पाणी भरा, दाब द्या आणि पाच मिनिटं जमिनीवर ठेवून पाहा. झाकणाचा रबरी वॉशर, नळी टाकीला जोडलेली जागा, हातातला खटका आणि नोझलची चकती, याच चार जागा गळतात. वॉशर स्वस्त असतो, एक जादा खिशात ठेवा. झाकणाला हवा घेण्याचं छोटं छिद्र असतं. त्यातला झडपेचा तुकडा हरवला असेल तर वाकताक्षणी द्रावण मानेवर येतं, आणि हे लोकांच्या उशिरा लक्षात येतं. टाकी काठोकाठ भरू नका.

१५ लिटरचा पंप भरल्यावर वीस किलोच्या आसपास जातो. चालताना टाकी हिंदकळते. म्हणून टाकी आणि पाठ यांच्यामध्ये पॉलिथिनचा एक पदर ठेवा. खांद्याचे पट्टे कापडी असतील तर ते औषध पीत राहतात, रोज धुवा किंवा प्लास्टिकने गुंडाळा.

नोझल चोंदलं तर तोंडाने फुंकू नका. मऊ ब्रश किंवा पाण्याने साफ करा. जादा नोझल सोबत असला तर हा प्रश्नच येत नाही.

सगळं अंगावर चढवलं की उन्हात जीव नकोसा होतो. त्यापेक्षा न घातलेलं बरं नाही का?

तक्रार खरी आहे. विदर्भात ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकच्या पूर्ण सूटमध्ये चार तास काम करा असं कुणी सांगत असेल तर त्याने तो सूट घालून पाहिलेला नाही. उपाय वेळ बदलण्यात आहे. सकाळी सहा ते दहा आणि दुपारी साडेचारनंतर. दुपारी तसंही औषध पानावर टिकण्याआधी उडतं, आणि घामाने भिजलेली, तापलेली कातडी औषध जास्त ओढते. म्हणजे दुपारची फवारणी पिकाला कमी आणि माणसाला जास्त लागते.

तासाभराने थांबा. मोजे धुऊन काढा, हात-तोंड साबणाने धुवा, मगच पाणी प्या. पूर्ण सूटऐवजी जाड सुती कपडे आणि त्यावर पुढचा अॅप्रन, हा आपल्या हवामानात जास्त शहाणपणाचा मेळ. सूट न सोसवल्यामुळे अकरा वाजता अर्धवट काढून टाकण्यापेक्षा कमी साधनं शेवटपर्यंत अंगावर राहिलेली चांगली.

साधनं घालूनही विषबाधा झाल्याचं ऐकतो. मग उपयोग काय?

साधनं ही शेवटची भिंत आहे. आधीच्या भिंती पडल्या असतील तर तिच्यावर सगळा भार येतो.

२०१७ साली पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तेव्हा पऱ्हाटी पुरुषभर आणि दाट वाढली होती. दोन तासांमधून (पिकाच्या ओळींमधून) वाट काढताना अंगाला दोन्ही बाजूंनी ओली पानं घासत होती आणि फवारा छातीच्या, तोंडाच्या उंचीवर मारावा लागत होता. हवा दमट आणि उकाड्याची होती. जास्त मारा करणारे पंप आले होते, औषधांची मिश्रणं सर्रास होती आणि लोक सलग कित्येक दिवस फवारत होते.

सलग दिवसांचा मुद्दा नीट समजून घ्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं (प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस वगैरे) शरीरातलं कोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. ते भरून यायला आठवडे लागतात. पहिल्या दिवशी थोडं घटतं, काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी. चौथ्या दिवशी तेवढाच फवारा अंगावर येतो आणि माणूस कोसळतो. ‘इतकी वर्षं फवारतो, मला काही झालं नाही’ हे वाक्य म्हणून फसवं आहे. फवारणारा माणूस आळीपाळीने बदला.

पीक छातीच्या वर गेलं असेल तर पाठीवरच्या पंपाने मधोमध शिरून फवारू नका. कपाशीचा शेंडा वेळेत खुडला तर उंची आटोक्यात राहते. पेरतानाच काही ओळींनंतर चालायला रुंद पट्टा सोडला तर पुढे सोपं जातं. वारा अंगाला जेमतेम जाणवेल, पानं हलकी सळसळतील इतकाच असावा. वाऱ्याला आडवे चाला आणि वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूच्या धुऱ्यापासून सुरुवात करून उलट दिशेने सरका. असं केलं की तुम्ही कायम न फवारलेल्या, कोरड्या पिकात असता. नोझल समोर धरून त्याच ओल्या तासात चालत जाणं ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं म्हणून द्रावण घट्ट, साधारण तिप्पट करतात. फवारा बारीक असतो, हवेत जास्त वेळ तरंगतो. त्याला मास्क आणि चष्मा टाळताच येत नाही.

डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहून साधनं ठरवता येतात का?

काही अंशी. चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागातल्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल म्हणजे अतितीव्र विष, वर कवटीचं चित्र असतं. मग पिवळा, निळा आणि हिरवा, उतरत्या क्रमाने. हे वर्गीकरण प्राण्यांवरच्या चाचण्यांत तोंडावाटे आणि कातडीवाटे किती मात्रा मारक ठरते त्यावर आहे. तोंडावाटे प्रतिकिलो वजनाला १ ते ५० मिलिग्रॅम लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा.

लाल आणि पिवळ्याला एकही साधन सोडू नका. हिरव्याला मास्क नसला तरी मोजे आणि पूर्ण कपडे हवेतच. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे. डोळ्यात गेलं तर हिरवंही पुरे.

कृषी केंद्रात मिळणारं किट घ्यावं का?

उघडून पाहून घ्या. बऱ्याच किटमध्ये पिशवीसारखे पातळ प्लास्टिकचे मोजे, एक पदरी कागदी मास्क आणि काखेत पहिल्याच दिवशी उसवणारा अॅप्रन असतो. त्यातला चष्मा आणि टोपी वापरा, मोजे वेगळे घ्या.

काम संपल्यावर साधनं कोणत्या क्रमाने काढायची?

1. मोजे हातात असतानाच साबण-पाण्याने चोळून धुवा. बूटही बाहेरून धुवा.
2. अॅप्रन काढा, बाहेरची बाजू आत दुमडून.
3. टोपी आणि चष्मा मागच्या बाजूने पकडून काढा.
4. मास्क पट्ट्याला धरून काढा, पुढे हात लावू नका.
5. बूट आणि वरचे कपडे काढा.
6. मोजे पुन्हा धुवा आणि सगळ्यात शेवटी, आतली बाजू बाहेर येईल असे काढा.
7. हात धुवा, मग आंघोळ. डोकं, कानामागे, नखं, जांघा साबणाने.

मोजे आधी काढणारा माणूस पुढची सगळी औषध लागलेली साधनं उघड्या हाताने काढतो.

कपडे घरच्या कपड्यांत धुतले तर?

औषध सगळ्या घराच्या कपड्यांत जातं. बहुतेक घरांत हे कपडे बायको किंवा आई उघड्या हाताने घासते, म्हणजे फवारणी न करताच ती बाधित होते. फवारणीचे कपडे त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, मोजे घालून धुवावेत. जितके दिवस तसेच पडतील तितकं औषध धाग्यात घट्ट बसतं. आधी साध्या पाण्यातून काढा, मग गरम पाणी आणि पावडरमध्ये दोनदा धुवा, उन्हात वाळवा. पाणी विहीर, नाला आणि गुरांच्या हौदापासून लांब ओता. बाटलीतलं मूळ औषध कपड्यावर सांडलं असेल तर तो कपडा धुण्याच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या.

अंगाला खोबरेल तेल लावून फवारलं तर औषध लागत नाही म्हणतात.

चूक. बरीचशी कीटकनाशकं तेलात विरघळतात, पाण्यात नाही. तेल लावलेल्या कातडीवर ती चिकटून राहतात. फवारणीआधी दूध किंवा गूळ घेतल्यानेही काही अडत नाही.

बाया फवारत नाहीत. त्यांना कशाला साधनं?

पाणी कोण आणून देतं, ड्रममध्ये कोण ओततं, पंप उचलायला हात कोण लावतं? आणि दुसऱ्या दिवशी निंदायला, पुढे वेचणीला त्याच पिकात कोण शिरतं? ड्रमजवळ काम करणाऱ्या प्रत्येकीला मोजे आणि अॅप्रन हवा. साडीवर लांब बाह्यांचा जुना शर्ट आणि पायात बूट. फवारलेल्या शेतात निदान २४ तास कुणी जाऊ नये, लेबलवर जास्त काळ दिला असेल तर तो पाळावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका आणि अठराच्या आतली मुलं या कामाजवळ नकोत.

ऊन लागलं की विषबाधा झाली, हे कसं ओळखावं?

दोन्हींत डोकं दुखतं, मळमळतं, घाम येतो. फरक डोळ्यांत पाहा. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत बुबुळाच्या मधली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. तोंडाला लाळ आणि डोळ्यांना पाणी सुटतं, नजर धूसर होते, जुलाब होतात, पापणी किंवा दंडाचा स्नायू आपोआप फडफडतो, छाती भरून येते. लक्षणं फवारणी आटोपल्यावर काही तासांनी, घरी आल्यावरही सुरू होऊ शकतात. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांनी चेहऱ्याला आणि हातांना आग होते, मुंग्या येतात.

ओळखता आलं नाही तर विषबाधाच समजा. माणसाला शेतातून बाहेर काढा, सगळे कपडे उतरवा, अंग आणि केस साबण-पाण्याने धुवा. मदत करणाऱ्यानेही मोजे घालावेत. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्याची धार सलग १५ मिनिटं. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. उलटी करवू नका, मीठपाणी, दूध, तूप पाजू नका. ईसी औषधातला द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात गेला तर दुसरं संकट उभं राहतं.

१०८ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या. डॉक्टरांना ‘फवारणी केली’ हे पहिल्या वाक्यात सांगा. ऑर्गॅनोफॉस्फेटवर अॅट्रोपिन हे इंजेक्शन चालतं आणि ते किती द्यायचं हे डॉक्टर रुग्णाकडे पाहून ठरवतात. प्रत्येक कीटकनाशकावर ते लागू पडत नाही, म्हणून लेबल महत्त्वाचं. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

मजूर लावला असेल तर साधनं कुणी द्यायची?

काम करवून घेणाऱ्याने. कीटकनाशक कायदा १९६८चा आणि त्याखालचे नियम १९७१चे. त्या नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे, कोपराखाली अर्ध्यापर्यंत येणारे हातमोजे, चष्मा, बूट आणि गरजेप्रमाणे श्वसनाची साधनं हवीत, असं स्पष्ट आहे. व्यवहारात अडचण मजुरीच्या पद्धतीत असते. पंपामागे पैसे ठरले की माणूस पळत फवारतो, मोजे धुवायला थांबत नाही, दुपारीही थांबत नाही. दिवसावर मजुरी ठरवा आणि साबण, बादली, पाणी धुऱ्यावर ठेवा.

शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपये मिळतात आणि कीटकनाशकाची विषबाधा त्यात धरलेली आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. सातबारा नसलेल्या मजुराच्या घराला मात्र या योजनेचा आधार नाही.

रिकाम्या बाटल्यांचं काय?

बाटली पाव भरेल एवढं पाणी घाला, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा. मग तळाला भोक पाडा, म्हणजे तिच्यात कुणी तेल किंवा पाणी भरणार नाही. हे सगळं मोजे घालून. औषध कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवू नका.

साधनं ठेवायची कुठे आणि बदलायची कधी?

औषधाच्या कपाटात नको, स्वयंपाकघरात तर नकोच. गोठ्याच्या कोरड्या भिंतीला वेगळी पेटी करा. मोजे उलटे टांगून सावलीत वाळवा, उन्हात नायट्राइल कडक होऊन तडकतं. मोजा फुगला, चिकट झाला, रंग उतरला किंवा आतून वास आला तर त्याच दिवशी बदला, भोक पडायची वाट पाहू नका. नेमाने फवारणाऱ्याने हंगामाला दोन-तीन जोड हिशोबात धरावेत. जुने मोजे फेकण्याआधी कापून टाका, नाहीतर तेच मोजे कुणीतरी भांडी घासायला उचलतं.

औषध किंवा मात्रेबद्दल शंका असेल तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत विचारता येतं.